ट्रम्पेट अनुष्कालाच का?

मी मिनिस्ट्रीत दक्षता विभागात आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींत कुठे पाणी मुरतंय, तेच शोधते आहे. त्यामुळे सृष्टीच्या शाळेच्या बँडमध्ये काहीतरी शिजतंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जॉइंट सेक्रेटरींच्या अनुष्काला ट्रम्पेट आणि माझ्या मुलीला त्याचा बुटका भाऊ, कॉर्नेट! शनिवारी सोलोची निवड होती. जिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचेल, तिला सोलो. सृष्टीला तो इतका हवा होता की जेवताना तिची बोटं ताटाच्या काठावर चालायची. पण तिचा आवाज दहा पावलांवर विझत होता. आठवडाभर मी ऑफिसातून लवकर निघून, समोर खुर्ची टाकून, हे बघत होते.

शेवटी मी बँडमास्तर बलबीर सरांना गाठलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पण माझा कोणावरच विश्वास नसतो.

"सर, दोनों में फ़र्क़ क्या है?" मी गोड आवाजात विचारलं. चौकशी गोडीनेच सुरू करावी.

त्यांनी दोन्ही वाद्यं शेजारी धरली. "ट्रम्पेट की नली दूर तक एक ही मोटाई की है, तो आवाज़ तीखी, सीधी जाती है. कॉर्नेट की धीरे-धीरे चौड़ी होती है, इसलिए नरम."

"यानी नरम वाला आपने मेरी बेटी को दिया."

"कॉर्नेट भी पूरा ग्राउंड भर देता है, मॅडम. फूँक चाहिए."

म्हणे फूँक! मी अदलाबदल करायला लावली. अनुष्काने कॉर्नेट वाजवला, तर पलीकडच्या क्वार्टरांच्या बाल्कन्यांत लोक आले. सृष्टीने ट्रम्पेट फुंकला, पुन्हा दहा पावलं. मग मी ट्रम्पेटच्या, ओठ लावतात त्या तोंडाकडे वळले. त्याची वाटी खोल असली तर आवाज दबतो, उथळ असली तर चमकतो, असं सरांनीच सांगितलं होतं. मी बोट घालून पाहिलं. उथळच होती. म्हणजे गडबड दुसरीकडे कुठेतरी होती.

"आप ज़रा कैंटीन में चाय पी आइए," सर म्हणाले.

मला घालवून वाद्यं परत बदलणार, हे उघड होतं. मी गेटपर्यंत गेले आणि शाळेच्या बसमागे दबा धरून उभी राहिले.

पाच मिनिटांत असा आवाज आला की बसची काच थरथरली. सापडले! ट्रम्पेट गेला परत अनुष्काकडे. मी डोकं बाहेर काढलं.

वाजवत होती सृष्टी. डोळे मिटून, मान ताठ, गाल लाल.

मी भान विसरून दोन पावलं पुढे झाले. तिने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आला.

"सॉरी आई," ती तिथूनच म्हणाली. "काय चुकलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्कूटरवर घरी येताना मी म्हटलं, "शनिवारी ऑफिसात मीटिंग आहे ग. मला नाही जमणार यायला."

"बिल्कुल नाही?"

"बिल्कुल नाही."

सिग्नलला स्कूटर थांबली. मग मागून तिने हळूच विचारलं, "लांबूनसुद्धा नाही ना बघणार?"

माझ्या पोरीचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तिचं काही चुकत नव्हतं.