दुपट्याची घडी

मामांनी दुपट्याचं खालचं टोक पायांवरून वर घेतलं, डावी बाजू उजव्या कुशीखाली सारली, उजवी डावीवर आणून हलकेच ताण दिला आणि वरचं टोक चेहऱ्यावरून घेऊन छातीशी खोचलं. सगळं मिळून पाव मिनिट लागलं असेल. कुठे एक सुरकुती नव्हती.

"अहो बाबा, तोंड!" लेक हसत पुढे आली आणि तिने टोक मागे केलं. आतून दोन महिन्यांच्या नातीने जांभई दिली. "तोंड उघडं ठेवायचं असतं. मला कसं वाढवलंत हो तुम्ही?"

"तुला मी वाढवलं. हे ड्यूटीवर असायचे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

सगळे हसले. मामाही हसले, पण त्यांनी हात पाठीमागे नेऊन धरून ठेवले. त्यानंतर सतरा दिवस ते हात नातीला लागले नाहीत.

इस्पितळात त्यांना सगळेच मामा म्हणत. ज्याला सख्खी बहीण नाही त्या माणसाला पन्नास-साठ डॉक्टर आणि नर्सा मामा म्हणून हाका मारतात आणि एकही भाचा घरी येऊन विचारपूस करत नाही, असा तिथला न्याय. स्ट्रेचर ढकलायचं, ऑक्सिजनचे सिलिंडर बदलायचे, पेशंटला कुशीवर वळवायचं, ही त्यांची कामं. साथीच्या दिवसांत त्यात आणखी एक आलं. गेलेल्या माणसाला चादरीत बांधायचं, चादरीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीची चेन, चेनला नावाची चिठ्ठी, आणि खाली गाडीपर्यंत पोचवायचं. नातेवाईक फाटकाबाहेर उभे असत. आठवड्याभरात हात इतके तयार झाले की डोकं दुसरीकडे असलं तरी काम चालायचं. डोकं दुसरीकडे असलेलंच बरं, असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

साथ संपून वर्ष झालं. मधे इस्पितळाने एका समुपदेशक बाईंना बोलावलं. त्यांनी वीस प्रश्नांचे कागद वाटले. झोप लागते का, विनाकारण चिडचिड होते का, नको ते आठवतं का. पहिल्या रांगेतल्या वॉर्डबॉयने कंटाळून वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलं आणि मागच्यांनी त्याच्यावरून उतरवून काढलं.

इन्चार्ज सिस्टर कागद गोळा करता करता थांबल्या. "मामा, 'झोप लागते का' तिथेही 'नाही' लिहिलंय तुम्ही."

"मग तेवढं एक खरं आलं म्हणायचं."

सिस्टर हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "बाई मंगळवारी असतात. जाऊन या एकदा."

"तुम्ही गेला होतात?"

"मला वेळ कुठाय," सिस्टर म्हणाल्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन निघून गेल्या.

घरी मामांनी नातीसाठी करायचं काही बाकी ठेवलं नाही. तिचे कपडे धुतले, औषधं आणली, पाळण्याची करकरणारी कडी बदलली. फक्त लेकीने तिला पुढे केलं की त्यांचे हात नेमके ओले असत. नाहीतर ते नुकतेच बाहेरून आलेले असत. साथीनंतर या कारणावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती. लेक काही न बोलता बाळाला पुन्हा खांद्याशी घेई. रागावली असती तरी परवडलं असतं, असं मामांना वाटे.

आज जावई दोघींना न्यायला येणार होता. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या आणि मामा त्यांच्याच शेजारी बसून चपला घालत होते.

"आज सुट्टी आहे ना तुमची?" लेकीने विचारलं.

"एकाच्या जागी जायचंय."

"धादांत खोटं," आतून बायको म्हणाली.

लेक बाळाला घेऊन त्यांच्या समोर जमिनीवर बसली. "बाबा, एकदाच विचारते, मग परत कधी नाही विचारणार. मुलगी झाली म्हणून का?"

मामांनी चपलेचा पट्टा सोडून दिला. "वेड लागलंय का तुला?"

"मग काय समजू मी? पंधरा-वीस दिवस झाले, हात लावला नाहीत. शेजारचेसुद्धा घेतात हिला."

"त्या दिवशी हिचं तोंड झाकलं मी. तुम्ही हसलात. मला ते समजलंच नाही गं, हातांनीच केलं. आम्ही तिकडे तसंच बांधायचो. पाय, मग डावी बाजू, मग उजवी. तोंड शेवटी." त्यांनी हात पुढे धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "हे परत तेच करतील. माझा भरवसा नाही यांच्यावर."

लेकीचा तळवा बाळाच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. आत बायकोने गॅस बंद केला.

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "माझे सासरेही तिथेच गेले. त्यांनाही तुम्हीच?"

मामांनी चपलेचा पट्टा पुन्हा हातात घेतला.

"तुम्ही तर म्हणाला होतात, तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होतो म्हणून."

"तिथेच होतो."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा लेक उठली. "मी नाही सांगणार तुमच्या जावयांना," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. दर महिन्याला काही ना काही निमित्ताने निघतंच त्यांच्या तोंडून, शेवटी जवळ कोण होतं म्हणून."

जावई आला, पाणी प्यायला, लेकीकडून बाळाला घेऊन खुर्चीत बसला. मोजकं बोलणारा माणूस. वर्षभरात त्याने मामांना दोनदा विचारलं होतं, काही कळलं का, आणि दोन्ही वेळा मामांनी नाही म्हणून मान हलवली होती.

"बरं आहे ना मामा?" तो म्हणाला. इस्पितळातली हाक त्याच्याही तोंडी बसली होती.

मामा उभेच होते. "व्याह्यांना मी बांधलं," ते म्हणाले.

जावयाने वर पाहिलं.

"खोटं बोललो तुझ्याशी. मीच होतो. पण वेळ दिला नाही रे त्यांना. आणखी चार जण थांबले होते, खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. चेहऱ्यांकडे बघायचोच नाही तेव्हा; चिठ्ठी लावताना नाव वाचलं तेव्हा कळलं, तोवर सगळं बांधून झालं होतं. मग चेन उघडून परत चेहऱ्यावरून चादर काढली. बघितलं. हात जोडायचंही सुचलं नाही. आणि जसं सगळ्यांना केलं तसंच त्यांना केलं. तू फाटकाशी उभा होतास. खिडकीतून दिसत होतास. खाली येऊन तुला काय सांगणार होतो?"

बायको दारात येऊन उभी राहिली होती. लेक भिंतीला टेकली होती. मामा वाट बघत होते, आणि जे काही येईल ते आपल्या वाट्याचंच असेल असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"कसे दिसत होते?" जावयाने विचारलं.

"दाढी वाढली होती. थोडीशी, पांढरी. बाकी झोपल्यासारखेच होते."

"रोज करायचे दाढी. एक दिवस चुकवायचे नाहीत."

"हो."

"मी वर्षभर समजत होतो, कुणीतरी परक्याने..." जावयाचं वाक्य तिथेच राहिलं. तो खाली बघत होता. "म्हणजे घरचं माणूस होतं."

जावई उठला आणि दोन पावलं पुढे आला.

"हिला धरा जरा. तोंड धुऊन येतो."

त्याने मामांच्या 'हो' किंवा 'नाही'ची वाट पाहिली नाही. बाळ त्यांच्या हातांत ठेवून तो आत गेला आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. लेक पुढे होऊ लागली, पण बायकोने तिचं मनगट धरलं.

नातीने पाय झाडले. दुपटं सुटून मामांच्या कोपरावरून लोंबू लागलं. त्यांनी ते सावरलं नाही. आत नळ बराच वेळ चालू होता.