पेन ड्राइव्हच्या पोटातलं निर्माल्य

मित्रांनो, मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे, आणि मी भरलेला आहे की रिकामा, हे इतकी वर्षं होऊनही मला नीट सांगता येत नाही. तुमचं पोट भरलं की तुमचं तुम्हाला कळतं. माझं पोट दुसऱ्याने कम्प्युटरला लावून बघावं लागतं, आणि बघणारा प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिली आठवण आहे ती भंडाऱ्याच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची. अंग लाल, तोंड पत्र्याचं आणि वर टोपण. दिघोरीच्या मनिषने मला विकत घेतलं आणि घरी नेऊन आईच्या हातात ठेवलं. त्याची आई सत्यभामाबाई. सोमवार, शुक्रवार, एकादशी असे त्यांचे उपास ठरलेले. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. त्यांनी मला पाटावर ठेवलं आणि हळद-कुंकवाचं बोट पुढे केलं.

"तोंडाले नको लावू माय, त्याच्यातून करंट जाते," मनिष म्हणाला.

"मंग पाठीले लावतो. पाठीतून तं नाही जात ना काही?"

माझ्या पाठीवरचा तो पिवळसर डाग अजून आहे.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. सकाळी देवळातल्या स्पीकरच्या डब्यात मला खोचलं की माझ्यातून भजनं निघायची. जाणारी-येणारी माणसं म्हणायची, आवाज किती साफ आहे. पुढे माझ्यात धानाच्या रोवणीचे फोटो आले, लग्नं आली, बारशी आली. एकच आरती तीन-तीनदा आली, कारण कोणालाच आठवत नव्हतं की ती आधीपासून आहे. मी सगळं ठेवून घेत गेलो. नाही म्हणणं मला येत नाही.

एक दिवस मनिष म्हणाला, "माय, जागा नाही राहिली. जुनी भजनं उडवतो."

"उडवतो म्हंजे?"

"डिलीट मारतो."

"देवाचं नाव हाय ना बाबू त्याच्यात. वाह्यलेलं फूल आपण कचऱ्यात टाकतो का? तलावात सोडतो."

आता पेन ड्राइव्हमध्ये तलाव कुठून आणायचा? मनिषने डोकं खाजवलं आणि माझ्यात एक नवा फोल्डर केला. त्याला नाव दिलं 'निर्माल्य'. जे जुनं होईल ते तिकडे सरकवायचं. सत्यभामाबाईंचं समाधान झालं. माझा गोंधळ मात्र तेव्हापासून सुरू झाला. एका कोपऱ्यातलं ओझं दुसऱ्या कोपऱ्यात गेलं, आणि सगळे म्हणू लागले की काम झालं. मला तर काही हलकं वाटलं नाही.

याच निर्माल्यात एक दिवस निर्मलाबाईंचा आवाज गेला. निर्मलाबाई म्हणजे सत्यभामाबाईंची थोरली जाऊ, मनिषची मोठीमाय. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी सांगावी ती त्यांनीच. शेजारपाजारच्या बाया मुलांना घेऊन ऐकायला यायच्या. त्यांची मुलगी तृप्ती भंडाऱ्याजवळच्या शहापूरला कम्प्युटर शिकवते. तिने एका श्रावणात ती कहाणी मोबाइलवर उतरवली आणि माझ्यात ठेवली. पण तिच्यात पंख्याची खरखर फार होती. म्हणून मनिषने तिला नाव दिलं 'मोठीमाय खरखर' आणि पुढच्या वर्षी नीट करू म्हणून निर्माल्यात सरकवली.

पुढच्या वर्षी नीट करायला मिळालं नाही. उन्हाळ्यात निर्मलाबाईंना लकवा झाला. हात हळूहळू उचलू लागला, घास गिळता येऊ लागला, पण तोंडातून आवाज म्हणून निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा, ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. सत्यभामाबाई रोज त्यांच्याजवळ बसून बोलत. निर्मलाबाई नुसत्या बघत.

श्रावण लागला तशी सत्यभामाबाईंनी मनिषला हाक मारली. "तो लाल ड्राइव्ह काढ. बाईले त्याहीचीच कहाणी ऐकवू. स्वतःचा आवाज ऐकून तरी त्याहीले काही वाटन."

मनिषने मला कपाटाच्या खणातून काढलं. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपासून मी तिथेच पडून होतो, खिळे आणि संपलेल्या सेलांच्या सोबतीला. त्याने मला मोबाइलला लावून पाहिलं. निर्माल्य दिसलं नाही. फोटो नाहीत, भजनं नाहीत. दोन-चार गाणी तेवढी होती. त्याने मला खिशात टाकलं. आईला घेऊन गावातल्या धनंजयच्या दुकानात गेला. तिथे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतात.

धनंजयने मला लावलं आणि तोही चक्रावला. "काकू, दोन-चार गाणी सोडून आत काहीच नाही, अन् जागाबी नाही म्हणते. खराब झाला हा. फॉरमॅट मारून देतो."

"म्हंजे काय करशील?"

"धुऊन काढतो समजा. एकदम नवा."

सत्यभामाबाईंनी मला त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं. "नको बाबा. पदराच्या गाठीत काय बांधलं ते पाह्यल्याशिवाय मी लुगडंबी धूत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. एक जण म्हणतो रिकामा, तोच म्हणतो भरलेला. मग मी कोण? माझ्यात निर्मलाबाई होत्या की नव्हत्या? खरंच सांगतो, मलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तृप्ती आईसाठी आली. सत्यभामाबाई भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवत होत्या, निर्मलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. तृप्तीने मला आपल्या लॅपटॉपला लावलं. काळ्या पडद्यावर ती ओळीमागून ओळ लिहू लागली.

"काय लिहून राहिली व?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"याले शेल स्क्रिप्ट म्हणते काकू. कम्प्युटरले सांगून ठेवलं का बाबा, एकेक फोल्डर उघड, त्याचं वजन कर, अन् जड असन ते वर लिही. आपण एकेक डबा उघडून नाही का पाहत, तसं."

स्क्रिप्ट चालली. अंगावरून मुंगी फिरावी तशी ती माझ्यातून फिरून आली. पडद्यावर उमटलं ते चिमूटभर. पण सगळ्यात खाली ओळ होती, ड्राइव्ह भरलेला आहे.

तृप्ती बघतच राहिली. "मले समजून नाही राहिलं. आत वाटीभर हाय, अन् डबा म्हणते मी भरलो."

"डबा कायले खोटं बोलन?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"चायनाचा हाय," मनिष दाराकडून म्हणाला.

तृप्तीने त्याच्याकडे मान वळवली. "तू लय वेळचा दारातच उभा हाय. काय केलंतं याच्यात?"

मनिषने खाली बघितलं. "मंडईत दंडारीच्या खेळाचा व्हिडिओ टाकाचा होता. जागा पाह्यजे होती. निर्माल्य उडवलं. मंग बाकीचंबी उडवलं, तरी जागा नाही झाली. मोठीमाय त्याच्यात हाय, हे ध्यानातच नाही आलं."

सत्यभामाबाईंचा हात कागदावरच राहिला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मले इचारलं असतं तं."

"कोणत्या कम्प्युटरवर उडवलं?" तृप्तीने विचारलं.

"धनंजयच्या. त्याच्यात तुझ्यासारखंच ते, लिनक्स का काय हाय."

तृप्तीने पुन्हा लॅपटॉप पुढे ओढला. "चूक माझी हाय. लिनक्सवर उडवलेलं ड्राइव्हमध्येच लपून राहते, अन् ज्याच्या नावाच्या सुरुवातीले टिंब असते ते फोल्डर दिसत नाही. त्याहीचंबी वजन कर, असं मी सांगितलंच नव्हतं." तिने एक ओळ बदलली. मुंगी पुन्हा माझ्यातून निघाली.

या वेळी सगळ्यात वर एकच नाव आलं, आणि माझं जवळजवळ सगळं वजन त्याच्यासमोर लिहिलेलं होतं. ती एक लपलेली टोपली होती. धनंजयच्या कम्प्युटरवर उडवलेलं सगळं माझ्याच पोटातल्या त्या टोपलीत जाऊन बसलं होतं, आणि टोपली कोणी रिकामी केलीच नव्हती. आत निर्माल्य होतं. आरत्या होत्या. सगळ्यात तळाशी 'मोठीमाय खरखर' होती.

तृप्तीने आधी ती आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग लावली. पंख्याची खरखर आली आणि मागून निर्मलाबाईंचा भरदार आवाज खोलीभर झाला. मित्रांनो, कहाणी ऐकायची एक रीत आहे. हातात तांदळाचे दाणे धरायचे, आणि सांगणारी थांबली की ऐकणारीने हुंकार द्यायचा. हुंकार दिल्याशिवाय कहाणी पुढे जात नाही. माझ्यातल्या कहाणीत सत्यभामाबाईंचे हुंकार होते. पण आज त्या स्वतः पदराने डोळे पुसत होत्या. हातात दाणे घ्यायचंही कोणाला सुचलं नव्हतं.

कहाणीतल्या निर्मलाबाई थांबल्या. कहाणीतल्या सत्यभामाबाई म्हणाल्या, "हूं."

आणि मग खुर्चीतून, जरा उशिराने, घोगरा आवाज आला, "हूं."

तृप्तीचा हात कहाणी थांबवायला पुढे गेला. सत्यभामाबाईंनी तो धरला. "थांबवू नको. कहाणी अर्धी सोडत नाही."

त्यांनी पूजेच्या ताटातले तांदळाचे चार दाणे निर्मलाबाईंच्या मुठीत ठेवले. कहाणी संपेपर्यंत खुर्चीतून हुंकार येत राहिला, कधी वेळेवर, कधी मागून.

मित्रांनो, माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू रिकामी दिसली म्हणून घाईने धुऊन टाकू नका. आत बघा, आणि दिसलं नाही तर बघायची रीत बदलून पुन्हा बघा. घरच्या माणसाचा आवाज एकट्या माझ्या भरवशावर ठेवू नका. मी प्लास्टिकचा आहे, कधीतरी मोडेन.

दुपारी तृप्तीने पुन्हा एकदा स्क्रिप्ट चालवली. माझं वजन सकाळइतकंच भरलं, कणभरही वाढलं नाही. माझ्यात सांगणारीचा आवाज होता आणि सत्यभामाबाईंचा हुंकार होता. तो दुसरा हुंकार माझ्यात नव्हता, कोणत्या लपलेल्या टोपलीतही नव्हता. मग तो इतके दिवस कुठे ठेवलेला होता, ते मला अजून कळलेलं नाही.