आवणीतली पोर

आषाढातली आवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात होती. सातव्या महिन्यातली हर्षाली पदर खोचून भातखाचराच्या बांधावर आली, तशी तिची आई ठमाबाई चिखलातूनच ओरडली, "पाय टाकशील तर बघ! शाळेत शिकवतीस ना, तिथंच शिकव. हितं आमी हाये."

"मूठभर रोपं लावते, आई."

"मूठभर न्हाई नि चिमूटभर न्हाई. दुसरी भाकर झाकून ठेवलीय, ती संपव जा."

शेजारची सखूबाई हसली. "लेकीला किती चारशील, ठमे? पोर व्हायचं का रेडकू?"

"रेडकू व्हऊ दे!" म्हणत ठमाबाई पुन्हा वाकली. लेकीच्या वाटची रोपंही तीच लावत होती.

हे कशापायी, ते हर्षालीला ठाऊक होतं. ती स्वतः अशाच आवणीत जन्मली होती, मांजराच्या पिलाएवढी. मूल मोठं झालं तर अडतं, म्हणून शेवटचे महिने अर्ध्या भाकरीवर काढायचे, ही डोंगरातली जुनी रीत. ठमाबाईनं ती पाळली होती, आणि तो सल उरात घेऊन ती जन्मभर लेकीच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढत आली.

पावसाळ्यात आदिवासी वाड्यांवरची पोरं हलकी का जन्मतात, याबद्दल हर्षालीनं पुष्कळ वाचलं होतं. वाकून वाकून कष्ट, ताप, तळ गाठलेली कणगी. रीतही तिथूनच आली असेल, असं तिला वाटे. दाणेच नसले की कमी खाण्याला रीत म्हणायचं. गावभर ती हे सांगायची, आईला मात्र नाही. सांगायचं तर आधी तिच्या दुखऱ्या जागी बोट ठेवावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ठमाबाईच्या छातीत कळ आली. दवाखान्याकडं निघालेली जीप घाट उतरेपर्यंत सगळं संपलं होतं.

भाद्रपदात हर्षालीला मुलगी झाली. वजनाचा काटा दोन किलोच्या जरासा पुढं गेला नि थांबला.

"पोरगी धडधाकट आहे," नर्स म्हणाली, "पण हलकी. खाल्लं नाही का गं नीट?"

हर्षालीनं पोरीला पदराखाली घेतलं. नवरा, भरत, ताट घेऊन समोर बसायचा, आणि घशाखाली उतरेल तेवढं ती खात होती. खाचरात पाऊलही टाकलं नव्हतं. तरी प्रश्न तिलाच. आईनंही तो असाच एकटीनं ऐकला असेल.

घरी आल्यावर पोर अधाशासारखी प्यायला लागली. भरत पाणी भरायला गेला होता. हर्षालीनं चुलीकडं तोंड केलं.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "तू मला उपाशी न्हाई ठेवलंस. कणगीत तवा अर्ध्याच भाकरीचे दाणे व्हते. तीबी आपण दोघींनी मिळून खाल्ली."