बाईंच्या चेहऱ्यापुढचा मोजा

मी उजव्या पायाचा मोजा बोलतोय. रेशमी आहे, बायकी आहे, आणि पायात असा मी जेमतेम एक हिवाळा होतो. बाकीचं आयुष्य मी एका बाईच्या चेहऱ्यापुढे काढलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

माझा जन्म इंग्लंडातल्या लेस्टर गावचा. तिथं घरटी एक तरी बाई मोज्यांच्या कारखान्यात असायचीच. माझ्या बाई, इसोबेल वेन, त्याही त्याच गावच्या. पण हे त्या कुणाला सांगत नसत. त्यांचं खरं नाव एल्सी गॅम्बल. त्यांची आई मोजे विणायच्या यंत्रावर होती. लंडनच्या स्टुडिओनं त्यांचं नाव बदललं आणि बोलणं बदलायला एक मास्तरीण ठेवली. दातांत बूच धरायला लावून ती त्यांच्याकडून उच्चार घोटून घ्यायची. एल्सी मग अशी बोलू लागली, जणू जन्मापासून चांदीच्या किटलीतलाच चहा पीत आली होती.

त्यांचे सुरुवातीचे सिनेमे कायद्यापुरते होते. थिएटरवाल्यांना काही सिनेमे आपल्या देशातले दाखवावेच लागत, आणि लोकांना तर हवे असत अमेरिकेचे. मग मालक आमचे सिनेमे सकाळी लावायचे, साफसफाई चालू असताना. पडद्यावर बाई प्रियकरासाठी रडतायत आणि खाली बादल्या खडखडतायत. हे मला मिसेस पोकॉकच्या तोंडून कळलं. पुढे ती बाईंना कपडे चढवायच्या कामावर आली, पण तेव्हा ती थिएटरातली फरशी पुसायची.

"तुझा एकूणएक सिनेमा पाहिलाय मी," ती बाईंना म्हणायची, "गुडघ्यांवर बसून! राणीपुढंसुद्धा एवढी वाकले नसते."

मग युद्ध आलं आणि बाईंचं नशीब उघडलं. नर्स, वैमानिकाची बायको, बॉम्बच्या धुरात उभी राहून हसणारी शिक्षिका, जे केलं ते लोकांनी डोक्यावर घेतलं. आता थिएटरबाहेर रांगा लागायच्या. त्या काळात रेशमी मोजा म्हणजे सोनं. इतर बायका पायांना चहाचं पाणी फासून पोटरीवर पेन्सिलीनं शिवण काढायच्या. अशात माझा जोडीदार, डावा मोजा, सायकलच्या साखळीला अडकून वरपासून खालपर्यंत उसवला. एकटा मोजा कुणाच्या कामाचा? मिसेस पोकॉक मला कांदे टांगायला घरी नेणार होती.

"थांब, मला दे तो," टेड लॅम्बर्न म्हणाला. तो कॅमेरामन. त्यानं मला कापलं, लाकडी चौकटीवर ताणून बसवलं आणि मधोमध सिगारेटीनं एक भोक पाडलं. लई दुखलं. चौकट कॅमेऱ्यापुढे लावली की बाईंचे डोळे त्या भोकातून लख्ख दिसायचे आणि बाकीचा चेहरा माझ्यातून जाताना मऊ व्हायचा. डोळ्यांखालच्या रेघा, हनुवटीखालचं सैल कातडं, सगळं मी माझ्या अंगावर घ्यायचो. फक्त दिवा वाढवावा लागे, कारण मी उजेड खायचो. बाई डोळे मिटून उभ्या राहायच्या. गालाला दिव्याची धग जास्त लागली की म्हणायच्या, "आला का माझा मोजा? चला, करा चालू."

किती सिनेमे केले आम्ही! पोस्टरवर नाव त्यांचं यायचं, माझं कुठून येणार? पण मला ठाऊक होतं आणि टेडला ठाऊक होतं.

मग वारं फिरलं. नवे दिग्दर्शक आले. त्यांना बंगले नकोत, फुलदाण्या नकोत. कामगारांच्या वस्त्या हव्यात, तुंबलेल्या मोऱ्या हव्यात. एकानं मला बघून विचारलं, "हे कुणाचं फडकं?" टेडची मान खाली गेली. मला खोक्यात टाकलं ते टाकलंच.

आणि त्याच दिग्दर्शकाकडे बाई स्वतःहून काम मागायला गेल्या. मोज्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या आईची भूमिका होती, तेही लेस्टरमधल्या. बाईंना वाटलं, हे तर माझ्या घरचंच. त्यांनी आईची बोली काढली. दिग्दर्शकानं ऐकून घेतलं आणि हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

"मिस वेन, राग मानू नका. पण तुम्ही त्या लोकांत कधी राहिला नाहीत, हे लगेच कळतं."

घरी आल्यावर बाई मिसेस पोकॉकला धरून रडल्या. "अगं, माझी आई अशीच बोलायची! अशीच बोलायची ना?"

"मी कुठं तुझी आई पाहिलीय, राणी," मिसेस पोकॉक म्हणाली. बाईंना स्वतःलाही आता खात्री राहिली नव्हती.

त्यानंतर कुणी बोलावलं नाही. टेड गेला, मिसेस पोकॉक गेली. टेडच्या बायकोनं मला बिस्किटांच्या डब्यात घालून बाईंकडे पाठवून दिलं. आता बाई समुद्राकाठच्या एका घरात राहतात. तिथं सगळे म्हातारे नटच. जेवणाच्या टेबलावर जो तो आपापल्या टाळ्या सांगतो आणि कस्टर्ड निवून जातं.

आज टीव्हीवाले मुलाखतीला आले. गेला आठवडाभर बाईंनी मला रोज डब्यातून काढून कुरवाळलं होतं. "एकदा चेहरा नीट दिसू दे, मग बघ. आजीचं का होईना, काम देईल कुणीतरी." पण मी आतून कुजलोय हो! रेशीम म्हातारं झालं की त्याची भुकटी होते. मला ओरडावंसं वाटत होतं, बाई, माझ्यावर विसंबू नका.

कॉलिन नावाच्या कॅमेरामनला त्यांनी चौकट दिली. त्याच्या कॅमेऱ्याची चौकट निराळी, म्हणून त्यानं मला टाचण्यांतून सोडवलं आणि जरासं ताणलं. जरासंच. मी भोकापासून काठापर्यंत फाटलो. बाईंना हल्ली लांबचं दिसत नाही. कॉलिननं मला गपचूप खुर्चीखाली सारलं.

"लावलास?" बाईंनी विचारलं.

"लावला, मिस वेन."

बाईंनी डोळे मिटले आणि गाल दिव्याकडे केला. वाट पाहिली. मीही पाहिली. धग वाढली नाही.

"दिवा वाढवला नाहीस," त्या हळूच म्हणाल्या. "फाटला का रे तो?"

कॉलिननं पायानं मला खुर्चीखाली आणखी आत ढकललं.

"मंग मागं सरक."

"अं?"

"मागं हो म्हनते ना! आनखी मागं. आरं, येवढं जवळून कुनी बगतं का म्हाताऱ्या बाईकडं? आनखी जा!"

"मागे भिंत आली, बाई."

ती एल्सी गॅम्बल होती. बूच नाही, मास्तरीण नाही, मोज्यांच्या यंत्रावरची आई आणि तिची लेक, सगळी त्या एका आवाजात. हाच आवाज काढायला बाई त्या दिग्दर्शकापुढे धडपडल्या होत्या. आज तो आपणहून आला, आणि कॅमेरा अजून चालू केलेला नव्हता.

बाईंनी मान ताठ केली, रुमालानं ओठांचे कोपरे टिपले. मग तोच घोटलेला, चांदीच्या किटलीतला आवाज आला. "ठीक आहे. करा चालू. मी इसोबेल वेन."

मी खुर्चीखालून बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यापुढे आज कुणी नव्हतं.

आता झाडणारी बाई येईल, आणि मी कचऱ्यात जाईन. त्याचं काही नाही. पण ही मुलाखत तुमच्या घरी दिसेल. तेव्हा एवढं करा, पाया पडतो. डोळे किंचित मिटून घ्या, पापण्या एकमेकींना लागतील न लागतील इतपत. उजेड जरा कमी येईल, कडा मऊ होतील. मी आयुष्यभर तेवढंच करत होतो. आजच्या दिवस माझ्याऐवजी तुम्ही करा.