कडू म्हणे

डोणगावचं खंजिरी मंडळ म्हटलं की अख्खा जिल्हा इंद्रभानचं नाव घ्यायचा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. जत्रा असो की सप्ताह, लोक गाडी जुंपून त्याला न्यायला यायचे. गळाच तसा होता मेल्याचा. मागे ढोलकीवर बसणाऱ्या कडूबाला कोण विचारतो? लोकांना हवं असायचं ते जावयाच्या फजितीचं उडतं गाणं, तेही पुन्हा पुन्हा.

पण मंडळाचं एक गाणं कडूबाने रचलेलं होतं. सुगी सरल्यावर रिकाम्या खळ्यात बसलेला म्हातारा स्वतःशीच बोलतो, एवढंच त्यात. त्याची फर्माईश कधी यायची नाही. चहापाण्याच्या आधी इंद्रभान आपल्या मनानेच ते म्हणायचा. शेवटच्या कडव्यात कडूबाने रीतीप्रमाणे आपलं नाव गुंफलं होतं, 'कडू म्हणे'. आधीची लेकरं जगली नाहीत, याला तरी दृष्ट लागू नये म्हणून आईने ठेवलेलं ते नाव, गाण्यात तरी गोड लागावं एवढीच त्याची हौस.

साखरखेर्ड्याला इंद्रभानने ती ओळ घेतली आणि समोर बसलेल्या, गावच्या पंजाबराव पाटलांनी मान डोलावली. "वा इंद्रभान, कडू म्हनतं, पन खरं म्हनतं." मागे कडूबाने ढोलकीवर नको तिथे थाप मारली. नाव त्याचं आणि वाहवा दुसऱ्याची. गाणं याचं आहे, असं इंद्रभानने लगेच सांगितलंसुद्धा. लोकांना तो त्याचा विनय वाटला आणि कौतुक आणखीच वाढलं. माणूस लबाड असता तर कडूबाने मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या. भल्या माणसावर जळण्यात तेवढंही सुख नाही.

घरी आला तर बायको, तानुबाई, भाकरी थापता थापता तेच गाणं गुणगुणत होती, आणि तेही इंद्रभानच्या हरकती घेत. कडूबा धड जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इंद्रभानला सांगितलं की ओळ बदलली आहे, यापुढे 'इंद्रभान म्हणे' असं म्हणायचं. सगळं घेतलंस, आता नावही घे, हे तो बोलला नाही. पण इंद्रभानला कळायचं ते कळलं.

"तुहं नाव काढून मी हे गानं म्हनत नसतो," तो म्हणाला, आणि खरंच म्हणेनासा झाला.

कडूबाला आधी बरं वाटलं. आता लोकच विचारतील, त्या गाण्याचं काय झालं म्हणून. गावोगाव कार्यक्रम झाले, कुणीही विचारलं नाही. जावयाच्या गाण्यावर लोक खूश होते. इंद्रभानची वाहवा बंद करायला निघालेला माणूस आपल्याच लेकराच्या नरड्यावर पाय देऊन बसला होता, आणि हे कळल्यावर त्याला झोप लागेना.

धामणगाव बढ्याच्या जत्रेत, चहा यायच्या आधी, तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "ते खळ्याचं म्हन बे."

"कोनाच्या नावानं?"

"कडूच म्हन."

इंद्रभान गायला. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. गाणं संपल्यावर एका म्हाताऱ्याने उठून इंद्रभानचे दोन्ही हात धरले, असं कडू बोलायला काळीज लागते बाप्पा, म्हणाला. इंद्रभानने मागे वळून कडूबाकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाव, वाजवते बी चांगला."

कडूबा जळून खाक झाला, आणि पुढच्या गावी त्याने तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं.