रिकाम्या बादलीची साक्ष

मित्रांनो, पागेच्या दारामागे खिळ्याला टांगलेली दिसते ना, ती मी. जाड कापडाची, घोड्यांना पाणी पाजायची बादली. माझ्या तळाला आता दोन भोकं पडली आहेत, त्यामुळे माझ्यात खरारे आणि ब्रश ठेवतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वय झालं की मिळेल ते काम गोड मानून घ्यावं. पण एक गोष्ट मनात सलत राहिली आहे, ती तुम्हाला सांगते.

माझा जन्म तंबू शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. एका मोठ्या तंबूचं कापड उरलं होतं, त्यातून त्यानं मला बेतलं. मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवण घातली, तोंडाला वेताचं कडं बसवलं आणि धरायला दोर लावला. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी चहूबाजूंनी पाझरले. मला घ्यायला आलेल्या बाईंचा चेहराच पडला. तंबूवाला शांतपणे म्हणाला, की कापड जरा भिजू द्या, फुगलं की बारीक छिद्रं आपोआप मिटतील. आणि तसंच झालं. तासाभरात माझा एक थेंब खाली पडेना. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्या बाई शाळेत शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ नालबंद होता, गावोगाव फिरून घोड्यांना नाल ठोकायचा. तो त्यांना ताई म्हणायचा, म्हणून सगळेच ताई म्हणत. ताईंचा घोडा म्हणजे खारीक. रंगानं तसाच तपकिरी, आणि म्हातारपणी कातडीही तशीच सुरकुतलेली. स्वभावानं इतका गरीब, की माशी बसली तरी शेपटी हळूच हलवायचा. भावाची काळी घोडी मात्र दांडगी होती, आणि तिचं नावही दांडगीच पडलं होतं.

ताईंचा एक नियम होता. खारीक पाणी प्यायल्याशिवाय त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ पाण्याचा घोट घेत नसत, मग चहा तर दूरच. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा त्यांनीच धरला होता. घरी खारकेला स्वतःचा वेगळा कप्पा होता. तिथे मला ठेवायचं, थोड्या वेळानं येऊन बघायचं, मी रिकामी दिसले की ताईंचा जीव भांड्यात पडायचा. वर्षानुवर्षं असं चाललं. मी रिकामी म्हणजे खारीक प्यायला, यात कुणाला कधी शंका आली नाही.

दरवर्षी चिखल वाळला की भाऊ-बहीण दोन्ही घोडे गाडीत चढवून तीन दिवस जंगलातल्या तळावर जात. रानातल्या पायवाटांवर घोड्यावरून फिरायचं आणि तळावर तंबूत राहायचं. तळाचे नियम कडक होते. घोडा झाडाला थेट बांधायचा नाही, कारण तो साल कुरतडतो. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळायचे, त्यांच्यामध्ये डोक्यापेक्षा उंच दोर ताणायचा आणि त्या दोराला घोडे बांधायचे. रोज सकाळी लीद गोळा करून खड्ड्यात टाकायची. वनरक्षक बाई स्वतः फिरून ते बघायच्या.

त्या वर्षी दांडगीची पत्र्याची बादली घरीच राहिली. भाऊ म्हणाला, "एकीत भागेल. आधी खारकेला, मग परत भरून दांडगीला." ताईंना ते पटलं. चूक कुठे झाली म्हणाल, तर इथे.

पहिल्या दिवशी दुपारी घरून कॅनमध्ये आणलेलं पाणी होतं. ते खारीक प्यायला. संध्याकाळी हातपंपाचं पाणी भरलं. त्याला लोखंडाचा वास होता. खारकेनं माझ्यात नाक घातलं, फुंकर मारली, वरचा ओठ उचलला आणि मान फिरवली. ताई तोवर गवत आणायला मैदानापलीकडे गाडीकडे गेल्या होत्या. शेजारून दांडगीनं कान पाडले, मान लांबवली आणि मला तळापर्यंत कोरडं केलं. खारीक बिचारा बाजूला सरकून उभा राहिला.

ताई आल्या, माझ्यात डोकावल्या आणि त्याच्या मानेवर थोपटलं. "प्यायला माझा शहाणा," म्हणाल्या, आणि चहाला बसल्या.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण बादलीला तोंड असतं ते फक्त भरण्यापुरतं.

भावानं मला परत भरून दांडगीपुढे ठेवलं, तर ती नुसती ओठ बुडवून थांबली. तो हसत म्हणाला, की तुझ्या नियमापायी ताई, चहाला थांबून तहान मला लागते, आणि या बयेला बघ, तहानच नाही. एवढं बोलून त्यानं विषय सोडला. जरा थांबून विचार केला असता तर!

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच. मधे पायवाटेवरच्या ओढ्यात पितील म्हणाले, तर ओढ्यात नुसते गोटे. प्रत्येक वेळी ताईंनी मला रिकामी बघितलं आणि आपला नियम पाळल्याच्या समाधानात कप तोंडाला लावला. मित्रांनो, माझ्यामुळे एक सज्जन बाई निर्धास्त होती, हे मला अजून सहन होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खारकेनं गवताला तोंड लावलं नाही. पुढच्या पायानं माती उकरायला लागला, वळून वळून पोटाकडे बघायला लागला. वनरक्षक बाई नेमक्या लीद बघत तिथे आल्या. एका बाजूला भरपूर ओली लीद होती, दुसऱ्या बाजूला सुपारीसारख्या चार कडक गोळ्या. त्यांनी विचारलं,

"हा पाणी कधी प्यायला?"

"सकाळ-संध्याकाळ पितो की," ताई म्हणाल्या. "बादली रिकामी होते रोज."

"बादलीचं नाही विचारत मी. याला पिताना कुणी बघितलंय?"

ताईंनी भावाकडे बघितलं. भावानं दांडगीकडे बघितलं. बाईंनी खारकेचा ओठ वर करून हिरडीवर बोट टेकवलं. हिरडी कोरडी, चिकट होती.

पशुवैद्याला निरोप गेला, पण तो यायला दुपार झाली. तोवर भाऊ खारकेला हळूहळू चालवत होता. खारीक आडवा पडायला बघायचा आणि भाऊ त्याला उभं ठेवायचा. घामानं दोघेही भिजले. ताई मागून चालत होत्या. त्यांचे ओठ नुसते हलत होते.

पशुवैद्यानं आतडी अडली आहेत म्हणून सांगितलं. माझ्यात कोमट पाणी घेतलं, मीठ विरघळवलं आणि नाकातून नळी घालून पोटात सोडलं, मागोमाग तेलही. जाताना म्हणाला, "अंधार पडायच्या आत लीद टाकली आणि स्वतःहून प्यायला तर जगेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

ताईंनी भावाला पाठवून जवळच्या वस्तीतून विहिरीचं पाणी आणवलं. मला दोन्ही हातांनी मांडीवर धरून त्या खारकेसमोर जमिनीवर बसल्या. दांडगीला दूर नेलं होतं. एक तास गेला. त्यांचे हात भरून आले, माझ्यातलं पाणी त्यांच्या कपड्यांवर सांडत होतं, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. ऊन उतरायला लागलं, तशी खारकेनं थोडी लीद टाकली. लिदेला बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यानं माझ्यात नाक घातलं. ताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या गळ्यावर होती. कातडीखालून एक घोट खाली सरकला.

"एक," ताई म्हणाल्या. मग थांबून, "दोन."

भाऊ कपात पाणी घेऊन मागे उभा होता. सकाळपासून ताईंच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी न वळताच हात हलवला. "थांब रे. मोजू दे."

त्या संध्याकाळी त्यांनी एकवीस घोट मोजले.

खारीक त्यानंतर तीन वर्षं जगला, पण तळावर पुन्हा गेला नाही. ताईंनीही मला नंतर फारसा हात लावला नाही. प्लास्टिकची बादली आली आणि मी खिळ्याला लागले. त्या मला दोष देत नव्हत्या, हे मला माहीत आहे. पण मला बघितलं की त्यांना ते दोन दिवस आठवत असावेत. मी पाणी धरलं, कधी दगा दिला नाही, आणि तरी माझी साक्ष खोटी ठरली.

म्हणून मित्रांनो, हात जोडून एवढंच मागते. तुमच्या आसऱ्याला जो मुका जीव आहे, त्याला पाणी ठेवून निघून जाऊ नका. घरात कुणी आजारी असेल, कुणी लाजाळू असेल, कुणी दुसऱ्यासाठी मुकाट्यानं मागे सरत असेल, तर त्याचंही ताट रिकामं बघून उठू नका. पहिला घास, पहिला घोट त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत शेजारी बसा.