पगडीचा डबा

आमच्या पेठेत आधी रावजी दिवाणजींची लाल पगडी दिसायची आणि मागून रावजी यायचे. सुताच्या पेढीवर दिवाणजी झाल्यापासून हा माणूस पगडीखालीच राहायला गेला होता. एकदा कुर्डुवाडीच्या गाडीत डुलकी लागून ती पगडी बाकावर घसरली आणि तिच्यावर एक कोंबडीवाली बसली. पगडी दुरुस्त झाली, रावजी झाले नाहीत.

आता त्यांच्या मुलीची सुपारी कुर्डुवाडीला फुटायची होती, म्हणजे पुन्हा तीच गाडी. मुलाचा बाप जोतीराम रेल्वेच्या कारखान्यात मिस्त्री. माणूस मोठा मानी. चेपलेल्या पगडीच्या माणसाशी तो सोयरीक करणार नाही, असं रावजींनी आपलं आपणच ठरवून टाकलं आणि गैबीसाबला प्रवासात पगडी ठेवायला चामड्याचा झाकणाचा डबा करायला सांगितला.

गैबीसाबचं घराणं तेलातुपाचे चामडी बुधले करणारं. मातीचा साचा घडवायचा, त्यावर ओलं कातडं ताणून शिवायचं, वाळलं की लाकडी मोगरीनं ठोकून आतल्या मातीचा भुगा करायचा आणि झटकून टाकायचा. ठोकायचं काम म्हाताऱ्या बापाचं, महबूबचाचांचं. त्यांना दिसायचं कमी आणि ऐकू यायचं त्याहून कमी, पण हात कसलेला.

"पगडी काढा की दिवाणजी, माप घेतो," गैबीसाब म्हणाला.

"लोकांत पगडी काढू? आन तू चामड्याच्या हातानं तिला शिवणार? न्हाय जमायचं. डोक्यावर हाय तशी बघ आन कर. डबा बी पगडीवानीच दिसला पायजे. गाडीतल्या लोकास्नी भाईरनं कळाय नगो का, आत काय हाय ते?"

गैबीसाब बिचारा रावजींभोवती गोल गोल फिरला आणि नजरेच्या मापानं मातीची जराशी मोठी पगडी घडवली. ती ओट्यावर वाळत ठेवली होती, तेव्हा एकदोघांनी तिला रामराम घातलेला मी स्वतः पाहिलाय. मग तिच्यावर कातडं चढलं, लाकडी सळईनं एकेक चुणी दाबली गेली, लाल रंग बसला. महबूबचाचांनी माती फोडली, गैबीसाबनं मधोमध गोल कापून झाकण वेगळं केलं, आत मांजरपाटाचं अस्तर लावलं. झाकण बसलं की सांधा डोळे फाडून बघितला तरी दिसत नव्हता.

गाडीच्या दिवशी रावजी डबा न्यायला आले. गैबीसाबला त्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पगडी काढून डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डोक्याला उपरणं गुंडाळायला कोपऱ्यातल्या आरशाकडे वळले. गैबीसाब भिंतीकडेच बघत राहिला, कारण 'आता फिर' असं कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात महबूबचाचा आले. त्यांनी डबा उचलून हलवला. आत काहीतरी होतं. पोरगं आळशी झालंय, माती तशीच ठेवली, असं पुटपुटत त्यांनी मोगरी घेतली.

"कसला आवाज हाय रं?" रावजींनी आरशातूनच विचारलं.

"काय न्हाय, अब्बा माती फोडत्यात."

मी टांगा घेऊन दारात पोचलो तो नेमका डबा उघडताना. कातड्याला काहीही झालेलं नव्हतं. पगडीच्या आतल्या बांबूच्या कामट्यांचा मात्र चुरा झाला होता. रावजी मटकन खाली बसले. "माझी पोरगी ऱ्हायली आता घरात," म्हणाले. आता हसू येतं, पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं आणि मला फार वाईट वाटलं.

गैबीसाबची बायको सुगराबी आतून आली. तिनं झाकण उचललं, मोडक्या पगडीचं कापड आत कोंबलं आणि झाकण सरळ रावजींच्या डोक्यावर बसवलं. "ह्याच्यावर हत्ती बसला तरी चालंल."

"अगं, चामडं हाय ते!"

"मंग बोडक्यानं जावा."

गेले. गाडीत घाम पुसत, मान ताठ ठेवून गेले, सोबतीला मी होतो. कुर्डुवाडीत मांडवात सुपारी फुटली, पेढे वाटले गेले. मग व्याही एकमेकांना भेटायला उठले, कडकडून मिठी मारली आणि पगडीला पगडी लागली.

टक्!

जोतीरामांची पगडी कानावर आली. रावजींची हललीसुद्धा नाही. जोतीराम कारखान्यातला माणूस, आवाजावरून वस्तू ओळखणारा. त्यांनी व्याह्यांच्या डोक्यावर बोटाच्या पेरानं हळूच वाजवून पाहिलं. रावजींनी डोळे मिटून घेतले. मी शेजारीच होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

जोतीराम त्यांच्या कानाशी वाकले.

"दिवाणजी, कारखान्यात डोक्यावर कायबाय पडतंय. माझ्या लई पगड्या गेल्या बगा. असली एक मला बी करून मिळंल का?"

रावजींनी डोळे उघडले. मग भर मांडवात, सगळ्यांदेखत, त्यांनी डोक्यावरचं झाकण काढलं आणि उलटं धरून व्याह्यांना आतलं अस्तर दाखवू लागले.